रूळ गेले, सायकली आल्या

देशभर सायकलचा रस्ता बांधायचा म्हटलं तर पहिला प्रश्न कुठला? जागा कुठून आणायची! आणि दुसरा अर्थातच पैशाचा. ब्रिटनच्या ‘नॅशनल सायकल नेटवर्क’ने हे दोन्ही कसे सोडवले ते बघण्यासारखं आहे.

जागा मिळाली ती बंद पडलेल्या रेल्वेमुळे. १९६० च्या दशकात तिथले हजारो मैल रेल्वेमार्ग बंद झाले. रूळ निघाले, पण भराव, पूल, बोगदे तसेच राहिले. रेल्वेला मोठा चढ चालत नाही, हे सिव्हिलवाल्यांना सांगायला नको. त्यामुळे सायकलवाल्यांना सौम्य चढाचा रस्ता आयताच मिळाला! १९७७ साली ब्रिस्टलमधल्या काही सायकलप्रेमींनी एक गट काढला. जॉन ग्रिमशॉ हे सिव्हिल इंजिनिअर त्यांच्यात पुढे होते. १९७९ मध्ये स्वयंसेवकांनी स्वतः राबून पहिला टप्पा तयार केला आणि १९८६ पर्यंत ब्रिस्टल ते बाथ हा १३ मैलांचा मार्ग पूर्ण झाला.

या गटातूनच पुढे ‘सस्ट्रान्स’ ही संस्था उभी राहिली. १९९५ साली तिला राष्ट्रीय लॉटरीच्या पैशातून ४ कोटी ३५ लाख पौंड मिळाले. म्हणजे लोकांनी नशीब आजमावायला तिकिटं काढली आणि त्यातून रस्ते झाले! पण एवढ्यात भागणार नव्हतं. बाकीचा पैसा स्थानिक कौन्सिलांकडून आणि इतरांकडून उभा करावा लागला. २००० साली ५,००० मैलांचं जाळं खुलं झालं. पुढे ते १६,००० मैलांच्या वर गेलं.

आता खरी गंमत. एवढी लांबी आली कुठून? दोन तृतीयांश जाळं चक्क गाड्यांच्या रस्त्यांवरूनच जात होतं. फक्त पाट्या लावलेल्या. २०१८ साली संस्थेने स्वतःच तपासणी केली, तेव्हा ४६ टक्के जाळं ‘खराब’ किंवा ‘अतिखराब’ निघालं. संस्थेची कसोटी साधी होती: बारा वर्षांचं मूल इथून एकटं सुरक्षित जाईल का? शेवटी २०२० मध्ये जवळपास चौथा हिस्सा जाळ्यातून काढला किंवा त्याचा दर्जा बदलला.

स्वतःच्याच नकाशावरचे मैल खोडायला हिंमत लागते. उद्या आपण इंजिनिअर होऊ, तेव्हा ‘किती किलोमीटर झाले?’ असं सगळेच विचारतील. बारा वर्षांच्या मुलाचा प्रश्न मात्र आपणच आपल्याला विचारायचा आहे.