घरी इंटरनेट घेताना

कापडाच्या धंद्यात आम्ही ताग्याला हात लावल्याशिवाय माल घेत नाही. इंटरनेट घेताना मात्र जाहिरातीतला वेग पाहून भुललो. गेल्या लग्नसराईत मुखेडमध्ये रस्ता खोदताना केबल तुटली, मोबाइलला घरात रेंज नाही. आठ दिवस कोणी फिरकले नाही. सुरतेच्या साड्यांचे नमुने पाहता आले नाहीत. ऐन हंगामात गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी गेले.

तेव्हा व्यापारी बंधूंनी आधी शेजाऱ्याला विचारावे : केबल तुटली तर माणूस किती दिवसांत येतो? २०११ मध्ये मंजूर झालेली सरकारी योजना, आजची 'भारतनेट', ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्यासाठी आहे. पंचायतीत आले म्हणजे घरात आले, असे नव्हे.

दरावर १८ टक्के जीएसटी धरावा. ४०० रुपयांचे ४७२ होतात. वेग मेगाबिटमध्ये सांगतात. ८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट. वीज गेली की राउटरही बंद पडतो, म्हणून छोटी बॅटरी घ्यावी. वर्षाचे पैसे आगाऊ भरू नयेत. आधी महिनाभर वापरून पाहावे.

वेग थोडा कमी असला तरी चालेल; दुरुस्तीला येणारा माणूस जवळचा हवा.