पुरसीस म्हणजे काय, मामा?

मराठी विषय घेऊन एम्. ए. झालेल्या माणसाला घरची मंडळी चालताबोलता शब्दकोश समजतात. मुंजीच्या पत्रिकेचा मजकूर, बाळाचे नाव, सोसायटीच्या पाटीवरचे शुद्धलेखन, सारे माझ्याकडे येते. त्यामुळे गेल्या वर्षी एका संध्याकाळी भाचीने दारात चपला काढता काढताच, "मामा, पुरसीस म्हणजे काय हो?" असे विचारले, याचे मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते मला उत्तर देता आले नाही याचे!

भाची नुकतीच वकील झाली होती. पाच वर्षांचा अभ्यासक्रम, पहिला वर्ग, अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धांतल्या दोन ढाली. नोंदणीसाठी कायद्यातल्या ७५० रुपयांहून अधिक शुल्क घेता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी दिला, त्याचा तिला लाभ झाला. सनदेपेक्षा काळा कोट महाग पडला! आमच्या ताईने पेढे वाटले. आणि पहिल्याच दिवशी सीनियर वकिलांनी हाती एक कागद देऊन सांगितले, "एवढी पुरसीस देऊन ये." तो कागद द्यायचा कुणाला, हे शोधत ती तासभर कोर्टाच्या व्हरांड्यात फिरत होती.

मी कोश काढला. शब्द मूळचा फारसी, अर्थ विचारणा, प्रश्न. कोर्टात मात्र पुरसीस म्हणजे पक्षकाराने कोर्टाला लेखी कळवलेली गोष्ट. प्रश्नाचे उत्तर केव्हा झाले, कोण जाणे! शिवछत्रपतींच्या काळी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश झाला; पण कोर्टाच्या दारात कैफियत आणि रोजनामा अजून ठाण मांडून आहेत. शेजारी इंग्रजीचे बिऱ्हाड आहेच. प्रतिपक्षाने अर्जावर द्यायचे म्हणणे, त्याला सगळे 'से' म्हणतात. तूर्तातूर्त मनाईचा अर्ज असतो 'निशाणी ५', आणि वकील एकमेकांना सांगतात, "आज माझं पाच आहे." भाची म्हणाली, "मामा, घटनेचं एकविसावं कलम मला पाठ आहे. पण पाच काय असतं, ते कुणी सांगितलंच नाही."

सांगणार तरी कोण? नव्या वकिलाने वर्षभर उमेदवारी केलीच पाहिजे, असे नियम बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९५ साली केले होते. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. २०११ पासून वकिलांची अखिल भारतीय परीक्षा होते. पण पुरसीस कोणत्या टेबलावर द्यायची, हे त्या परीक्षेत कशाला विचारतील? उमेदवारी सक्तीची नाही, आणि कुणाला चुकलेलीही नाही.

भाचीची उमेदवारी खरी सुरू झाली ती एका भाजीवाल्या बाईंच्या दाव्यात. (बाईंना विचारूनच हे लिहितो आहे.) बाई विधवा. नवऱ्याच्या पुतण्याने दावा लावला होता, की दोन खोल्यांचे घर माझ्या वडिलांचे, काकूला केवळ दयेने राहू दिले. सीनियरांनी कैफियत लिहायचे काम भाचीवर सोपवले. कैफियतीला कायद्याने ३० दिवस. न्यायाधीशांनी कारणे नोंदवून मुदत वाढवली तर ९०. पुढची सवलत अपवादाने मिळते. भाचीने बावीस पानांची इंग्रजी कैफियत रचली. तीत सर्वोच्च न्यायालयाचे अकरा निवाडे! नव्वदावा दिवस दुसऱ्या दिवशी उजाडणार होता. संध्याकाळी पाच वाजता सीनियरांच्या कारकुनाने कागद उलटेपालटे केले आणि थंडपणे विचारले, "मॅडम, पक्षकाराची सही कुठाय?"

सही नव्हती. प्रतिज्ञापत्र नव्हते. मागल्या तारखेला भाची बाईंना म्हणाली होती, "मॅटर डब्ल्यू. एस. ला ठेवलंय, तुम्ही नाही आलात तरी चालेल." बाईंनी त्यातले 'नाही आलात तरी चालेल' तेवढे घेतले. बिचारीचे काय चुकले?

सीनियर परगावी. भाची काळ्या कोटासकट मंडईत धावली. मेथीच्या जुड्यांमागे बसून तिने बाईंना ती बावीस पाने मराठीत सांगायला घेतली. तिसऱ्या पानाशी बाईंनी अडवले.

"ताई, घरपट्टी मीच भरते अठरा वर्सं. त्ये कुटं हाय यात?"

"तुम्ही बोलला नाहीत कधी!"

"तुमी इचारलं कुटं?"

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पावत्या होत्या, सालवार, दोऱ्याने बांधलेल्या. घरपट्टीच्या पावतीने मालकी सिद्ध होत नाही, हे भाचीने मला नंतर बजावून सांगितले. पण घरात ताबा कुणाचा आणि झळ कुणी सोसली, याबद्दल त्या पावत्या बोलक्या होत्या. आणि बावीस पानांत त्यांचा उल्लेखही नव्हता.

रात्री नऊला ती आमच्याकडे आली. काही अपवाद सोडता १९९८ पासून महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. तेव्हा कैफियत मराठीतच लिहू, म्हणजे सही करताना बाईंना कळेल तरी, असे तिने ठरवले होते. मला स्फुरण चढले. 'वैधव्याच्या वणव्यात होरपळलेल्या या अबलेने' अशी मी सुरुवात केली. भाचीने रेघ मारली. "मामा, अबला नको. प्रतिवादी लिहा. आणि वणवा कुठल्या तारखेला लागला, असं विचारतील." वीस वर्षे मुलांचे निबंध तपासणारा मी, त्या रात्री माझाच निबंध लाल झाला. हिने चहा तीनदा केला. दीडच्या सुमारास सात पाने उरली.

सकाळी मीही कोर्टात गेलो. टायपिस्टाच्या टेबलाशी कारकुनाने आणखी दोन विशेषणे काढली, तीही माझीच. भाचीने प्रत्येक परिच्छेद वाचला, बाईंनी प्रत्येकाला मान डोलावली आणि मगच आपले नाव लिहिले, सावकाश, मोठ्या अक्षरांत. साडेअकराला पुकारा झाला. कैफियत दाखल झाली, पुढची तारीख पडली. सारे मिळून दोन मिनिटे!

दावा अजून चालू आहे. त्या दिवशी बाहेर पिंपळाखाली बाईंनी विचारले, "ताई, आता काय?"

भाचीने तोंड उघडले, मिटले, क्षणभर विचार केला. "तुमचं म्हणणं कोर्टानं लिहून घेतलं. आता पुतण्याला आणि तुम्हाला कागद दाखवायचे आहेत. तुम्ही यायचं. डबा घेऊन यायचं." मग तिने पेन काढले आणि तारीख डब्याच्या झाकणावरच लिहून दिली.