विश्लेषण : ‘मु. पो.’मधले पोस्ट हलले तर? कोकणातील बाजारपेठांचा वारसा का जपायचा?

कोकणातल्या गावाचा पत्ता ‘मु. पो.’ने सुरू होतो. मु. म्हणजे मुक्काम, पो. म्हणजे पोस्ट. गावात पोस्ट नसेल तर ‘पो.’पुढे शेजारच्या गावाचे नाव येते. तालुक्याच्या ठिकाणी हे पोस्ट बहुधा बाजारपेठेत, किराणा-कापडाच्या दुकानांच्या सोबतीला असे. या पेठा आता झपाट्याने बदलत आहेत. त्यांत जपण्यासारखे काय आहे?

पोस्ट आणि दुकानांचे नाते काय?

१८५४ मध्ये देशभर एकसमान टपाल दर आले. अंतर कितीही असो, हलक्या पत्राला अर्धा आणा. १८७९ मध्ये पोस्टकार्ड, १८८० मध्ये मनीऑर्डर आणि १८८२ मध्ये बचत बँक सुरू झाली. कोकणातला चाकरमानी मुंबईच्या गिरणीत राबे आणि गावी मनीऑर्डर धाडी. तोवर घरचे तांदूळ, गूळ, रॉकेल दुकानातून उधारीवर येई. पोस्टमन नोटा मोजून देई, सही किंवा अंगठा घेई. मग दुकानदाराच्या वहीतली बाकी फिटे. पेठेचा व्यवहार असा पोस्टावर तोललेला होता. म्हणूनच १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या गिरणी संपाची झळ कोकणातल्या उधारीच्या वह्यांपर्यंत पोहोचली.

वास्तूंमध्ये विशेष काय?

कौलारू छप्पर, पुढे ओटा, एकेक काढून ठेवायच्या फळ्यांचे दार, खाली दुकान आणि मागे किंवा माडीवर बिऱ्हाड. यातली एकटी इमारत साधीच वाटते. तिचे मोल रांगेत आहे. ओट्यांची सलग ओळ, तिच्यात पोस्टाची खिडकी आणि बाहेर लाल पेटी.

धोका कुठून आहे?

अनेक पोस्ट ऑफिसे भाड्याच्या जागेत आहेत. करार संपला की पोस्ट हलते आणि जुनी वास्तू कुणाच्या लक्षातही न येता पडते. महामार्गाच्या रुंदीकरणात ओटे गेले. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली. अशा पुरात मालाबरोबर जुन्या वह्या आणि कागदही जातात. सेवाही बदलल्या : तार २०१३ मध्ये बंद झाली, तर २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले.

कायदा काय सांगतो?

१९५८ चा केंद्रीय कायदा किमान १०० वर्षे जुन्या आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंसाठी आहे. पेठेतले दुकान त्यात बसणे कठीण. मात्र महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्यात ऐतिहासिक किंवा वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या स्थळांच्या जतनाची तरतूद करता येते. मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीने तर सुट्या इमारतींबरोबर संपूर्ण परिसरही वारसा म्हणून मान्य केले.

मग करायचे काय?

नगरपालिकेने पेठेची घरनिहाय नोंद आणि छायाचित्रे करावीत. उधारीच्या वह्या, मनीऑर्डरच्या पावत्या, जुनी पत्रे स्कॅन करून ग्रंथालयात ठेवावीत. पण वारशाचा शिक्का म्हणजे दुरुस्तीला बंदी, ही मालकांची भीती खरी आहे. कौले आणि लाकूडकाम टिकवणाऱ्याला घरपट्टीत सवलत मिळाली नाही, तर जतनाचा सगळा भार एकट्या दुकानदारावर पडेल आणि तो पहिली संधी मिळताच काँक्रीटकडे वळेल.