डोंगरातला धम्म आणि मुलीचा वाटा

आपल्या समाजात सहल म्हटली की ठिकाणे ठरलेली असतात. दीक्षाभूमी, चैत्यभूमी, महाड, आणि पैसा जमला तर बोधगया, सारनाथ, कुशीनगर. ते योग्यच आहे. ज्या मातीने आपल्याला माणूसपण दिले तिच्यापुढे नतमस्तक झालेच पाहिजे. पण पाठीवर पिशवी बांधून डोंगर चढायचा, तंबूत राहायचे म्हटले की आपलीच माणसे हसतात. 'ही श्रीमंतांची थेरं, आपल्याला कशाला?' असे विचारतात. त्यांना आमचा उलट प्रश्न आहे. भाजे, कार्ले, जुन्नर, नाशिकची लेणी कोणी कोरली? व्यापाऱ्यांचे तांडे घाट चढून येत, त्या वाटांवर भिक्खूसंघाने आपले विहार उभे केले. डोंगर हे बौद्धांचे जुने घर आहे. ते आपण विसरलो आणि दुसऱ्यांनी त्यावर आपल्या पाट्या लावल्या.

हाच विचार करून सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही बावीस जण हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात गेलो. त्यात नऊ महिला होत्या. शिक्षक, परिचारिका, एसटीतून निवृत्त झालेले एक काका, वकिलीची परीक्षा देणारी दोन मुले, असा हा मेळा. तंबू भाड्याचे, स्वयंपाक पाळीपाळीने.

मनालीहून थेट चढण्याऐवजी आम्ही शिमला, किन्नौरमार्गे गेलो. त्यामागे साधे कारण आहे. अडीच हजार मीटरच्या वर हवा विरळ होते आणि शरीराला सवय व्हायला दिवस लागतात. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण साठ टक्केच उरतो. घाई केली की डोके दुखते, उलट्या होतात, आणि दुर्लक्ष केले तर जीवही जातो. आमच्यातील एका तरुणाला तिसऱ्या रात्री त्रास झाला. आमच्या परिचारिका ताईंनी त्याचे काही ऐकून न घेता त्याला खालच्या गावी नेले. दोन दिवसांनी तो पुन्हा आम्हाला येऊन मिळाला. डोंगरात हट्टाला किंमत नाही, शिस्तीला आहे.

पहिला मुक्काम ताबो. इथला विहार इसवी सन ९९६ मध्ये गुगेचा राजा येशे-ओ याने उभारला आणि शेहेचाळीस वर्षांनी त्याचा जीर्णोद्धार झाला, असा लेख तिथेच आहे. बाहेरून पाहिले तर मातीच्या भिंती. आत गेलो आणि बोलणेच थांबले. भिंतीभिंतीवर रंगांत बुद्धचरित्र, आणि कल्याणमित्रांच्या शोधात निघालेल्या सुधन या तरुणाची यात्रा. लोक याला हिमालयातील अजिंठा म्हणतात. अजिंठ्याच्या मातीतून आलेल्या आम्हाला त्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नाही. फरक एकच होता. अजिंठ्यात आज फक्त पर्यटक आहेत, ताबोत भिक्खू आहेत. १९७५ च्या भूकंपाने या वास्तूला तडे गेले, तरी संघ गेला नाही. त्याच गावात १९८३ आणि १९९६ मध्ये दलाई लामांनी कालचक्र दीक्षा दिली.

तिथून धनकर. स्पिती आणि पिन नद्यांच्या संगमावर, मातीदगडाच्या सुळक्यावर चिकटून बसलेला हा विहार आणि किल्ला म्हणजे स्पितीची जुनी राजधानी. पायाखालची माती झिजते आहे. जगातील सर्वाधिक धोक्यातील शंभर वारसास्थळांच्या यादीत २००६ मध्ये त्याचे नाव होते. गावापासून तासा-दीड तासाच्या चढणीवर धनकरचा तलाव आहे. आम्ही तंबू गावाजवळच एका कुटुंबाच्या परवानगीने लावले आणि पहाटे वर गेलो. उघडेबोडके तपकिरी डोंगर, मधे हिरवट पाणी, आणि शांतता. तिथे बसून आम्ही त्रिशरण-पंचशील घेतले. कोणी फोन काढला नाही.

शेवटचा तळ चंद्रताल. कुंझुम खिंड ओलांडून गेल्यावर सुमारे ४,३०० मीटरवर हा तलाव आहे. २००५ पासून तो रामसर यादीतील पाणथळ जागा आहे. काठावर तंबू लावायला बंदी आहे, त्यामुळे तळ दूर असतो आणि तलावापर्यंत चालत जावे लागते. ही बंदी योग्यच आहे. जुलै २०२३ मध्ये अवेळी बर्फ पडून इथे अडीचशेच्या वर पर्यटक अडकले होते. तलावाचे पाणी चंद्रा नदीला मिळते. पुढे तांदीला चंद्रा आणि भागा एकत्र येतात आणि त्या नदीला म्हणतात चंद्रभागा. हे ऐकताच आमच्या काकांनी हात जोडले नाहीत. ते एवढेच म्हणाले, 'नाव तेच, पण इथे पाण्याला बडवे नाहीत.'

आता मुख्य मुद्द्यावर येतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेला बौद्ध जेव्हा तिकडच्या गोंपात जातो, तेव्हा तो गोंधळतो. लोण्याचे दिवे, उग्र देवता, मंत्रांची चक्रे. परतीच्या वाटेवर आमच्यात जोरदार वाद झाला. काही तरुण म्हणाले, 'हा आपला धम्म नव्हे.' काही म्हणाले, 'हजार वर्षे चीवर टिकवले त्यांनी, आपण कोण सांगणारे?' आमचे मत असे की दोन्ही टोके सोडावीत. तुच्छतेने पाहू नये आणि नक्कलही करू नये. बाबासाहेबांनी आपल्याला एक कसोटी दिली आहे. माणसामाणसातील व्यवहारात समता आहे की नाही? ही कसोटी नागपूरला लावायची तशीच स्पितीलाही लावायची.

ती लावली तर काय दिसते? बौद्ध हिमालयातही उतरंड आहे. लडाखमध्ये मोन आणि बेडा हे वाजंत्री, गारा हे लोहार. पंगतीत त्यांची जागा शेवटी आणि त्यांच्याशी लग्नसंबंध नाहीत. १९८९ च्या आदेशाने तिन्ही समाज अनुसूचित जमाती म्हणून वेगळे नोंदले गेले. स्पितीतही लोहार आणि बेडा यांची कथा वेगळी नाही. बुद्धाच्या मूर्तीसमोरही माणूस माणसाला खाली बसवू शकतो, हे पाहिल्यावर बाबासाहेबांनी दीक्षेबरोबर प्रतिज्ञा का दिल्या ते कळते.

दुसरी गोष्ट आम्हाला धनकरला कळली. ज्या घराशेजारी तंबू होते त्या घरची बाई पहाटेपासून राबत होती. सातूची कापणी, गुरे, पाणी, चूल, सगळे तीच पाहत होती. आमच्या एका ताईंनी सहज विचारले, 'शेत तुमच्या नावावर आहे का?' ती हसली. म्हणाली, 'बेटी का नाम कहाँ होता है?' स्पितीची जुनी रीत अशी की जमीन थोरल्या मुलाची, धाकटे मुलगे गोंपात. मुलीच्या वाट्याला जमीन नाही.

बंधू-भगिनींनो, इथे कायद्याचे पुस्तक उघडावे लागते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ हा कलम २ प्रमाणे बौद्धांनाही लागू आहे. म्हणून महाराष्ट्रातील बौद्ध मुलगी वडिलांच्या मिळकतीत वाटा मागू शकते. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपदावर लाथ मारली, त्याच झाडाचे हे फळ. पण त्याच कलमाचे पोटकलम (२) सांगते की केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. स्पितीचे बौद्ध अनुसूचित जमातीत मोडतात. म्हणजे धम्म एक, अधिनियम एक, पण एका पोटकलमाने आमच्या बहिणीचा वाटा गेला. आम्हाला बौद्ध झाल्यावर अनुसूचित जातीच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत झगडावे लागले. त्यांना जमातीचा दाखला देताना धर्म कोणी विचारला नाही. पण तोच दाखला त्यांच्या मुलींच्या आड आला.

हिमाचल उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आदिवासी भागातील मुलींना या कायद्याने वाटा मिळेल असे म्हटले. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्देश रद्द केला, कारण पोटकलम स्पष्ट आहे. कायदा म्हणून निकाल समजू शकतो, पण न्याय मात्र तिथेच अडला. याच न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राला हे पोटकलम बदलण्याचा विचार करा असे सुचवले होते. जुलै २०२५ मध्ये एका गोंड कुटुंबातील स्त्रीच्या वारसांना समतेच्या तत्त्वावर वाटाही दिला होता. म्हणजे दार बंद नाही. किल्ली दिल्लीत आहे.

काही जण म्हणतील, मुलीला जमीन दिली तर ती बाहेरच्याच्या हाती जाईल. ही भीती अगदीच खोटी नाही. हॉटेलवाल्यांचा डोळा या खोऱ्यावर आहेच. पण जमातीची जमीन बाहेरच्याला विकण्यावर हिमाचलमध्ये १९६८ च्या कायद्याने बंधन आहे. जमीन वाचवायची तर ते बंधन घट्ट करा. त्यासाठी मुलीचा बळी कशाला? भावाने विकली तर चालते आणि बहिणीने कसली तर संस्कृती बुडते, हा कुठला न्याय?

ही लढाई तिथल्या स्त्रियांचीच आहे. किन्नौरमध्ये रतन मंजरी यांनी अनेक वर्षे ती लढवली आहे. आपण पुढारपण करायला जायचे नाही. पण निवेदनावर सही करणे, आपल्या खासदाराला प्रश्न विचारायला लावणे, परिषदेत ठराव घेणे एवढे तर आपल्या हाती आहे. धम्मबंधुत्व फक्त वंदनेपुरते ठेवायचे का, याचे उत्तर प्रत्येक शाखेने द्यावे.

म्हणून आमचे सांगणे असे. आपल्या तरुणांना डोंगरात न्या. आधी जवळची लेणी चढवा, मग हिमालय दाखवा. कचरा परत आणा, गोंपात आवाज कमी ठेवा, फोटो विचारून काढा. आणि ज्या घरी चहा प्याल, त्या घरच्या लेकीला एकदा विचारा, शेत कोणाच्या नावावर आहे? उत्तर ऐकून घरी आलात की स्वस्थ बसू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!