शर्यत, नाममुद्रा आणि कारखाना : शेव्हरोलेचे उदाहरण

मोटारींच्या शर्यतींपासून उत्पादकास होणारा लाभ सामान्यतः दुहेरी मानला जातो. शर्यतीत इंजिन, ब्रेक व टायर यांची कठोर परीक्षा होते. हा ज्ञानाचा लाभ होय. विजयाने उत्पादकाचे नाव दूरवर पोहोचते. हा कीर्तीचा लाभ होय. हे दोन्ही लाभ एकाच ठिकाणी पदरात पडतात, असे मात्र गृहीत धरता येत नाही. मुळशी तालुक्याच्या उत्तरेस लागून असलेल्या मावळात, तळेगाव येथे, जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने उभारलेल्या कारखान्याचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

ज्याच्या नावाने शेव्हरोले मोटार ओळखली जाते तो लुई शेव्हरोले हा स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला शर्यतपटू. त्याच्या कीर्तीचा उपयोग व्हावा म्हणून विल्यम ड्युरंट याने १९११ मध्ये स्थापिलेल्या कंपनीस त्याचे नाव दिले. लुई थोड्याच वर्षांत कंपनीतून बाहेर पडला. नाव मात्र कंपनीकडेच राहिले. पुढे १९२० मध्ये त्याचा भाऊ गॅस्टन याने इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत जिंकली, ती लुईने रचलेल्या मन्रो गाडीतून. म्हणजे नाव एकीकडे व कौशल्य दुसरीकडे, ही फारकत आरंभीच झाली होती.

याच्या उलट उदाहरण १९५५ मध्ये आलेल्या शेव्हरोलेच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनाचे. जून १९५७ मध्ये अमेरिकन मोटार-उत्पादकांच्या संघटनेने कारखान्यांनी शर्यतींपासून दूर राहावे, असा ठराव केला. तरीही खाजगी शर्यतपटूंनी हे इंजिन सोडले नाही. ते आटोपशीर व स्वस्त होते, त्याचे सुटे भाग सर्वत्र मिळत, आणि ते खोलून त्यात फेरफार करणारे कारागीर गावोगावी होते. ज्ञान तेथे मुरले, कारण यंत्र हाताळणारे हात व यंत्राची रचना ठरविणारे डोके परस्परांच्या निकट होते.

भारतात हा निकटपणा क्वचितच आला. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे आयात भागांची जुळणी सुरू केली. देशात क्रमशः संपूर्ण उत्पादन करण्याची योजना असलेल्यांनाच वाव द्यावा, अशी शिफारस १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने केली. त्यानंतर कंपनीने येथील काम आवरते घेतले. तिचे पुनरागमन १९९० नंतरच्या दशकात झाले आणि सप्टेंबर २००८ मध्ये वर्षाला १,४०,००० गाड्यांच्या क्षमतेचा तळेगावचा कारखाना सुरू झाला.

नेमक्या याच काळात शेव्हरोलेच्या क्रूझ गाडीने २०१०, २०११ व २०१२ अशी सलग तीन वर्षे जागतिक टूरिंग कार स्पर्धा जिंकली. परंतु शर्यतीची ती गाडी इंग्लंडमधील एका शर्यत-संस्थेने सिद्ध केलेली होती; तळेगावचा मुख्य भर होता स्पार्क व बीट या छोट्या गाड्यांवर, आणि त्यांची मूळ रचना कोरियात झालेली होती. विजयाची वार्ता येथे आली, त्यामागील प्रयोगशाळा आली नाही. केवळ कीर्तीवर ग्राहक टिकला नाही. बाजारातील हिस्सा एक टक्क्याखाली घसरल्यावर कंपनीने २०१७ अखेर देशांतर्गत विक्री थांबविली, डिसेंबर २०२० मध्ये उत्पादनही बंद केले. हजाराहून अधिक कामगारांच्या हक्कांचा वाद न्यायालयात गेला. जानेवारी २०२४ मध्ये कारखाना ह्युंदाईकडे गेला.

बाजारातील अपयशाची कारणे अनेक असतात. तो सारा दोष शर्यतींच्या माथी मारणे अयुक्त ठरेल. परंतु एक निष्कर्ष निघतो. कीर्ती करारपत्राने आणता येते. ज्ञान मात्र जेथे रचनेचे निर्णय होतात तेथेच साठते. मुळशीच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. पिरंगुट परिसरात यंत्रभागांचे कारखाने आहेत. हिंजवडीत टाटा टेक्नॉलॉजीज व केपीआयटी यांसारख्या वाहनांच्या अभियांत्रिकीचे काम करणाऱ्या कंपन्या आहेत. पौड रस्त्यापासून जवळच, कोथरूडच्या टेकडीवर, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था आहे. हात व डोके येथे काही मैलांच्या अंतरात आहेत. एखाद्या नव्या कारखान्याचे मूल्यमापन करताना प्रवेशद्वारावरील नाव किती विख्यात, यापेक्षा त्याच्या उत्पादनातील कोणता निर्णय येथे होतो, हे आधी विचारले पाहिजे. कारखाना बंद पडला तरी कामगाराच्या व अभियंत्याच्या हाती जे उरते, ते या उत्तरावरच अवलंबून असते.