फॉर्म दिसण्याआधीच प्रोग्रॅम का कोसळतो?

जुन्या औंध संस्थानाची राजधानी आज सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात येते, तर त्याच संस्थानातली आटपाडी आणि कुंडल ही गावं सांगली जिल्ह्यात. शिवाय पुण्यातही एक औंध आहेच. त्यामुळे संस्थानातल्या गावांच्या नोंदींसाठी साधा डेस्कटॉप प्रोग्रॅम लिहायचा म्हटला, तरी गावाच्या आधी जिल्हा विचारावा लागतो. समजा, एखाद्या विद्यार्थिनीने तो डब्ल्यूपीएफमध्ये लिहायला घेतला. वर जिल्ह्याचा कॉम्बोबॉक्स, खाली गावांची यादी. जिल्हा बदलला की यादी बदलायची. सोयीसाठी ‘सातारा’ आधीच निवडून ठेवलेला. प्रोग्रॅम सुरू केला आणि फॉर्म पडद्यावर यायच्या आतच ‘नल रेफरन्स एक्सेप्शन’ येऊन तो बंद पडला.

‘अजून कुणी क्लिकच केलं नाही, मग इव्हेंट आला कुठून?’ हा पहिला प्रश्न, आणि सगळ्यात पसरलेला गैरसमजही हाच. ‘सिलेक्शन चेंज्ड’ हा इव्हेंट माणसाच्या क्लिकवर अवलंबून नसतो. निवड बदलली की तो येतो, मग ती माणसाने बदललेली असो की प्रोग्रॅमने. 2006 साली डॉटनेट 3.0 बरोबर आलेल्या डब्ल्यूपीएफमध्ये फॉर्मचं वर्णन झॅमल फाइलमध्ये असतं आणि ‘इनिशियलाइझ कंपोनंट’ ही मेथड ते वरून खाली वाचत एकेक कंट्रोल तयार करते. वरचा कॉम्बोबॉक्स तयार झाला, इव्हेंट आल्यावर चालणारा हँडलर जोडला गेला, ‘सातारा’ निवडला गेला आणि लगेच हँडलर चालला. त्याने गावांची यादी मागितली. पण तिची ओळ अजून वाचलीच गेली नव्हती! आधीच खूण केलेला चेकबॉक्स किंवा सुरुवातीची किंमत दिलेला स्लायडर असला, तरी असंच घडतं.

यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे हँडलरच्या पहिल्याच ओळीत तपासणी: यादी नल असेल तर परत फिर. एक्सेप्शन थांबतं आणि काम झालं असं वाटतं. ते झालेलं नसतं. हँडलर काहीही न करता परतला, ‘सातारा’ मात्र निवडलेलाच राहिला. आता फॉर्म उघडतो तेव्हा जिल्हा दिसतो आणि गावांची यादी रिकामी असते. पुन्हा ‘सातारा’ निवडूनही ती भरत नाही, कारण निवड बदललेलीच नसते. आधी ‘सांगली’ निवडून मग परत यावं लागतं. कोसळणारा प्रोग्रॅम निदान लगेच लक्षात येतो. गुपचूप रिकामी राहणारी यादी वापरणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत लपून राहते. म्हणूनच ही तपासणी मूळ आजारापेक्षा वाईट.

दुसरा समज असा की संगणक मंद आहे, थोडं थांबलं तर सगळं जमेल. मग ‘थ्रेड स्लीप’ची ओळ घुसवली जाते. पण वर सांगितलेला क्रम वेगवान यंत्रावरही तोच राहतो. इथे नशिबाचा भाग नाही. फॉर्म बांधणारा थ्रेडच झोपवला, तर पुढचे कंट्रोल तयार होण्याचं कामही तिथेच थांबतं. माहिती वेगळ्या थ्रेडवरून येत असेल तेव्हा वेगाचा संबंध येतो खरा, पण तो प्रश्न निराळा.

जुन्या विंडोज फॉर्म्समध्ये ही अडचण नाही, असंही म्हटलं जातं. हे अर्धंच खरं. तिथे डिझायनर सगळे कंट्रोल आधी निर्माण करतो आणि मग त्यांचे गुणधर्म भरतो, त्यामुळे कंट्रोल नल सहसा सापडत नाही. पण क्रमाचा घोळ तिथेही होतो. कॉम्बोबॉक्सला ‘डेटा सोर्स’ आधी आणि ‘व्हॅल्यू मेंबर’ नंतर दिला, तर मधल्या क्षणी हँडलर चालतो आणि जिल्ह्याच्या क्रमांकाऐवजी अख्खा ‘डेटा रो व्ह्यू’ हाती येतो. ‘डिस्प्ले मेंबर’ आणि ‘व्हॅल्यू मेंबर’ आधी, ‘डेटा सोर्स’ शेवटी, एवढ्या बदलाने हे मिटतं.

बांधणीच्या क्रमाचा हा प्रश्न इतर भाषांतही येतो, पण भाषा बदलली की नियमही बदलतात. सी शार्पमध्ये उपवर्गाच्या फील्डना दिलेल्या सुरुवातीच्या किमती पायावर्गाच्या कन्स्ट्रक्टरच्या आधी बसतात, जावामध्ये त्यानंतर. म्हणून जावाच्या स्विंगमध्ये ‘जेपॅनल’चा उपवर्ग करून ‘अपडेट यूआय’ ओव्हरराइड केलं, तर पायावर्गाचा कन्स्ट्रक्टर ते बोलावतो तेव्हा उपवर्गाची फील्ड्स अजून नलच असतात. सी प्लस प्लसमध्ये अशा वेळी उपवर्गाची मेथड चालतच नाही, पायावर्गाचीच चालते. जावाएफएक्समध्ये एफएक्सएमएलमधले कंट्रोल कन्स्ट्रक्टरमध्ये नसतात, ‘इनिशियलाइझ’ मेथडमध्ये असतात.

गावांच्या फॉर्मचा इलाज सोपा आहे. ‘सातारा’ ही सुरुवातीची निवड झॅमलमधून काढून ‘इनिशियलाइझ कंपोनंट’च्या खालच्या ओळीत द्यावी. ‘लोडेड’ इव्हेंटमध्ये देण्याआधी मात्र विचार करावा. फॉर्म टॅबमध्ये असेल, तर टॅब बदलून परत आल्यावर तो पुन्हा येऊ शकतो आणि वापरणाऱ्याने केलेली निवड पुसली जाऊ शकते.

आणि असा फॉर्म पुन्हा कोसळला, तर अंदाज बांधत बसू नका. हँडलरमध्ये ब्रेकपॉइंट लावा आणि कॉल स्टॅक पाहा. तिथे ‘इनिशियलाइझ कंपोनंट’ दिसलं, तर हँडलर फॉर्म पूर्ण होण्याआधीच चालला आहे.