चिंतेच्या वादळात श्रद्धेचा नांगर

गेल्या वर्षी परीक्षेच्या आदल्या रात्री माझे हातपाय गार पडले होते. वाचलेले एकही वाक्य आठवेना. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा मालवणच्या किनाऱ्यावर मासेमारी करतात, आई मासे विकते. ‘मी नापास झाले, तर यांच्या कष्टांचे काय?’ हा एकच प्रश्न डोक्यात घुमत होता. आजीने माझे पुस्तक मिटले, हातात रोझरी दिली आणि म्हणाली, “बाय, आपल्या हातातला आपण करूचा, उरलला देवाक सांगूचा.” या वाक्याचा मला उमगलेला अर्थ येथे मांडण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

प्रथम काळजी आणि चिंता यांतील भेद पाहू. होडी लोटण्यापूर्वी जाळी तपासणे, हवामानाचा इशारा ऐकणे ही काळजी. घरात बसून ‘होडी बुडाली तर?’ असा दिवसभर घोर लावून घेणे ही चिंता. काळजीने काही काम तरी होते. चिंतेने झोप तेवढी जाते.

मत्तयच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायात प्रभू येशू आकाशातील पाखरे आणि रानातील फुले दाखवून चिंतेविषयी बोलतात. पुष्कळांना वाटते की, हा आळसाचा उपदेश आहे. पण पाखरू घरट्यात बसून राहत नाही. पहाटेच दाण्याच्या शोधात निघते. उद्याचे ओझे आज उचलू नये, एवढेच तेथे सांगितले आहे. आजच्या दिवसाला आजचे कष्ट पुरेसे असतात, हे रोज दर्यावर जाणाऱ्या माणसाला कोणी वेगळे शिकवावे लागत नाही.

मार्कच्या चौथ्या अध्यायातील वादळाची गोष्ट तर आम्हा किनाऱ्यावरच्यांना फारच जवळची. गालीलचा समुद्र म्हणजे खरे तर गोड्या पाण्याचे सरोवर. भोवती डोंगर असल्याने तेथे वारा अचानक उठतो. होडीतील शिष्यांपैकी काहीजण जातीचे मच्छीमार; तरीही ते घाबरले. झोपलेल्या प्रभूला त्यांनी उठवले आणि आम्ही बुडतो आहोत याची तुला पर्वा नाही का, असे सरळ विचारले. देवाजवळ भीती लपवावी लागत नाही, हे मी येथून शिकले. संत पौलाने फिलिप्पैकरांना पत्र लिहिले ते बंदिवासातून. चिंता मनात न कोंडता प्रार्थनेत मांडा आणि आभारही माना, असा त्याचा सल्ला आहे. मी तो करून पाहिला. भीतीला नाव दिले की ती मोजता येते, आणि आभार मानताना आपल्यापाशी काय काय आहे, ते आठवते.

आपल्या मराठी मुलखातही याची उदाहरणे आहेत. नारायण वामन टिळकांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. समाज एका बाजूला, पती दुसऱ्या बाजूला. पुढे त्यांनी स्वतः विचार करून 1900 साली बाप्तिस्मा घेतला. शाळेचे शिक्षण न मिळालेल्या या बाईने ‘स्मृतिचित्रे’ लिहिली आणि आपल्या फजितीवर स्वतःच हसून दाखवले. पंडिता रमाबाईंनी 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली व विधवांना आणून केडगावला आसरा दिला. त्यांनी प्रार्थना केली, तशी शेतीही उभी केली, छापखानाही चालवला. 1921 साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले, त्याआधी ते काम त्यांनी पूर्ण केले होते.

मग श्रद्धा ठेवली की संकट येत नाही काय? तसे नाही. 16 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. आम्ही सारी रात्र प्रार्थना केली. आमची होडी वाचली, शेजारच्यांची फुटली. प्रार्थना त्यांनीही केली होती. या ‘का?’चे उत्तर माझ्याजवळ नाही. पण दुसऱ्या दिवशी सगळी वाडी त्यांच्या दारात होती, हे मी पाहिले. श्रद्धा म्हणजे विम्याची पावती नव्हे, हे मला त्या दिवशी कळले.

आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, अन्न गोड लागत नसेल, तर डॉक्टरांकडे जावे. त्यात श्रद्धेला कमीपणा नाही. 2022 साली सुरू झालेल्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येते. लूक हा शुभवर्तमानकार वैद्यच होता, असे परंपरा मानते.

माझ्या वर्गातील मैत्रिणी आपला भार विठोबावर किंवा वेतोबावर टाकतात. नावे निराळी असली, तरी ओझे खाली ठेवण्याची गरज सर्वांची सारखीच आहे.

यंदाची परीक्षा जवळ आली आहे. भीती अजून वाटते, हे कबूल करते. नांगर टाकल्याने वारा थांबत नाही, पण होडी वाहवत जात नाही. रात्री दहापर्यंत अभ्यास करायचा, मग आजीजवळ बसून रोझरी म्हणायची आणि झोपायचे, असे मी ठरवले आहे. उरलला देवाक सांगूचा!